उदगीरची नोंद धाराशिवात जाऊ नये म्हणून

१५ सप्टेंबर २०२३ च्या अधिसूचनेने उस्मानाबाद जिल्हा महसुली दप्तरातही धाराशिव झाला. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. संगणकातल्या नोंदींचे काम एवढे सोपे नसते. एका खात्याच्या फायलीत जुने नाव, दुसरीकडच्या फायलीत नवे, तिसरीकडे रोमन लिपीतले चुकीचे स्पेलिंग. वाहनांचा एमएच-२५ मात्र तोच राहिला आणि २०११ च्या जनगणनेतला जिल्ह्याचा ५२५ हा कोडही.

मग जुने नाव शोधून सगळीकडे नवे टाकले की झाले? इथेच घात होतो. लातूर, औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके १९८२ पर्यंत याच जिल्ह्यात होते. १९७५ च्या दस्तात उदगीरपुढे ‘जिल्हा उस्मानाबाद’ लिहिलेले असेल, तर ती नोंद आज लातूरची आहे. सरसकट बदल केला तर ती धाराशिवात जाऊन बसेल. शिवाय उस्मानाबाद हे जिल्ह्याचे, तालुक्याचे आणि शहराचेही नाव होते. कळंब तालुका इथे आहे तसा यवतमाळ जिल्ह्यातही आहे. वाशी म्हटले की नवी मुंबई आठवणारे कितीतरी असतील, पण वाशी हा धाराशिवच्या आठ तालुक्यांपैकी एक आहे.

हे सगळे कुणाच्या तरी डोक्यात असते. तो कर्मचारी बदलून गेला की ज्ञानही जाते. दहा जणांनी दहा एक्सेल फायलींत आपापल्या समजुतीने दुरुस्त्या केल्या, तर दहा प्रकारचे धाराशिव तयार होतात. म्हणून हा नियम एकदाच, एकाच ठिकाणी, माहितीच्या अगदी जवळ लिहून ठेवावा. त्यासाठी डेटाबेसमध्ये जी सोय आहे तिला स्टोअर्ड प्रोसिजर म्हणतात. नाव देऊन डेटाबेसमध्येच साठवलेली ही आज्ञावली असते. ओरॅकलमध्ये ती पीएल/एसक्यूएलमध्ये लिहितात. पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये फंक्शने जुनीच, पण स्वतंत्र प्रोसिजरची सोय २०१८ च्या अकराव्या आवृत्तीत आली.

काम कसे चालते ते पाहू. आलेली फाइल आधी जशीच्या तशी एका कच्च्या टेबलात उतरवायची, तिच्यातले एक अक्षरही न बदलता. मग रात्रीचा जॉब त्या फाइलीचा बॅच क्रमांक देऊन प्रोसिजरला हाक मारतो. प्रोसिजर जिल्हा, तालुका, गाव आणि नोंदीचे वर्ष एकत्र पाहून कोड ठरवते आणि पक्क्या टेबलात भर घालते. मध्येच काही बिघडले तर सगळी बॅच मागे फिरते, अर्धवट माहिती उरत नाही. तीच बॅच चुकून दोनदा चालली तरी नोंद दुप्पट होता कामा नये. हे आपोआप होत नाही, प्रोसिजर तशी लिहावी लागते. कर्मचाऱ्याला टेबलात हात घालण्याचा अधिकार न देता फक्त प्रोसिजर चालवण्याचा देता येतो, हा फायदा फार मोलाचा.

आणि जी ओळ जुळत नाही, तिचे काय? ती गुपचूप गाळणे हा सर्वांत मोठा अन्याय. तिच्यासाठी वेगळे टेबल हवे आणि तिथे कारण लिहिलेले हवे : ‘तालुका सापडला, गाव नाही’, ‘हाच आधार क्रमांक दोन नावांवर’. त्या ओळीमागे कुणाचे तरी कर्जखाते असते.

याचे एक उदाहरण पाहा. महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेचा शासन निर्णय २७ डिसेंबर २०१९ चा. तिच्यात दोन लाखांपर्यंतचे थकीत पीककर्ज माफ करायचे होते. बँकांनी खात्यांची माहिती पोर्टलवर चढवली, विशिष्ट क्रमांकासह याद्या गावोगावी लागल्या आणि शेतकऱ्याने आधार प्रमाणीकरण करताना रक्कम मान्य की अमान्य ते सांगायचे होते. अमान्य असेल तर तक्रार जिल्हास्तरीय समितीकडे. त्या पोर्टलच्या पोटात कोणते तंत्र होते हा इथे मुद्दा नाही. न जुळलेल्या माहितीला जायला ठरलेली वाट होती, हे महत्त्वाचे. डेटाबेसमधल्या नाकारलेल्या ओळीलाही तशीच वाट लागते, नाहीतर तहसीलच्या खिडकीवर उभ्या माणसाला ‘सिस्टीममध्ये नाव नाही’ एवढेच उत्तर मिळते.

सगळेच प्रोसिजरमध्ये कोंबणेही बरे नव्हे. ओरॅकलवरून पोस्टग्रेस्क्यूएलवर जायचे ठरले की बरीचशी प्रोसिजर पुन्हा लिहावी लागते. कर्सर लावून एकेक ओळ उचलणारी प्रोसिजर लाखो नोंदींवर रेंगाळते, तिथे एकाच आज्ञेत सगळा संच हाताळावा. फाइल आणणे, दुसऱ्या खात्याच्या सर्व्हरशी बोलणे, निरोप पाठवणे ही कामे बाहेरच्या साधनाकडे राहू द्यावीत. प्रोसिजरचा मजकूर मात्र गिटमध्ये ठेवावा, कोणी कधी काय बदलले ते दिसेल असा. आणि प्रत्येक बदलानंतर चालवायच्या चाचणीत उदगीरचा जुना दस्त, यवतमाळचे कळंब आणि नवी मुंबईची वाशी या तिन्ही ओळी असाव्यात.