युवराज जगला असता तर?

इंग्लंडचा युवराज हेन्री १६१२ साली, वयाच्या १८ व्या वर्षी, तापाने वारला. त्यामुळे धाकटा चार्ल्स १६२५ मध्ये गादीवर आला आणि १६४९ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. हेन्री जगता तर यादवी टळती, असे काहींना वाटते. परंतु भाववाढीने पोखरलेला राजकोश आणि करमंजुरीचा हक्क न सोडणारी पार्लमेंट हेन्रीच्याही वाट्याला आलीच असती. वार्षिक २ लाख पौंडांच्या मोबदल्यात राजाने सरंजामी हक्क सोडावेत, ही १६१० ची वाटाघाट युवराज हयात असतानाच फिसकटली होती. वारस बदलता तर संघर्षाची वेळ कदाचित बदलती. तिजोरीवर सत्ता कोणाची, हा प्रश्न उरलाच असता. तो सोडवणे लोकांचेच काम. चांगल्या वारसाची वाट पाहून ते होत नाही.