क्लिंगॉनचे शब्द पाठ करताना

'स्टार ट्रेक'मधल्या परग्रहवासी योद्ध्यांची क्लिंगॉन भाषा भाषाशास्त्रज्ञ मार्क ओक्रँड यांनी १९८४च्या तिसऱ्या चित्रपटासाठी रीतसर घडवली. पुढच्याच वर्षी तिचा शब्दकोशही निघाला.

तो उघडणाऱ्याची पंचाईत होते, कारण ओळखीचं काहीच दिसत नाही. मराठी माणसाला गुजराती शिकताना कितीतरी शब्द आयते मिळतात. इथं सगळा कारभार शून्यापासून. त्यात रोमन लिपीतला छोटा 'क्यू' वेगळा आणि मोठा वेगळा, दोन्हींचे उच्चारही निराळे!

पण ओक्रँड भलतेच मिश्कील. गिटारला त्यांनी शब्द दिला साधारण 'लेष्पाल'. प्रसिद्ध गिटारवादक लेस पॉल आठवले की काम फत्ते. जोडीसाठी 'चांगएंग', म्हणजे एकोणिसाव्या शतकातले शरीरानं जोडलेले जुळे भाऊ चांग आणि एंग. आणि मासा? 'घोटी'! आपल्या इगतपुरीजवळच्या घोटीचा इथं काही संबंध नाही बरं का. ही इंग्रजी स्पेलिंगची जुनी थट्टा आहे: 'इनफ'मधल्या जीएचचा फ, 'विमेन'मधल्या ओचा इ, 'नेशन'मधल्या टीआयचा श, झाला 'फिश'. असा शब्द एकदा कळला की घोकावा लागत नाही. बाकीच्या शब्दांची मात्र घोकंपट्टीच.

आणि हवा तो शब्दच नसेल तर? शिकणाऱ्यांनी मनानं शब्द पाडायचे नाहीत, असा इथला शिरस्ता. १९९२मध्ये स्थापन झालेल्या क्लिंगॉन लँग्वेज इन्स्टिट्यूटच्या वार्षिक मेळाव्यासाठी मंडळी हव्या असलेल्या शब्दांची यादी करतात, आणि ओक्रँड त्यातल्या काहींना प्रतिशब्द देतात.