मोटारीचा मिटलेला डोळा

उदगीरसारख्या गांवीं जन्म काढलेल्या आणि मॅट्रिकपलीकडे न शिकलेल्या एका निवृत्त शाळामास्तरानें मोटारगाडीच्या यंत्राविषयीं बोलावें, याचें आपणांस नवल वाटेल. मला गाडी चालवितां येत नाहीं. परंतु एका जुन्या गाडीचा दिवा दुरुस्त होतांना मी दोन संध्याकाळीं विजेरी धरून उभा होतों. तेथें जें शिकलों, तें माझ्या 36 वर्षांच्या नोकरींत मला उमगलें नव्हतें.

माझा पुतण्या अमेरिकेंत न्यू जर्सी राज्यांत राहतो. गेल्या वर्षीं नोव्हेंबरांत मी त्याच्याकडे गेलों होतों. त्याच्याजवळ जपानी बनावटीची, दोनच माणसांची, शर्यतीच्या घाटाची एक ठेंगणी गाडी आहे. तिचें वय 30 वर्षांहून अधिक. तिचे पुढचे दिवे दिवसा दिसत नाहींत. ते पत्र्याखालीं झांकलेले असतात. अंधार पडला आणि कळ दाबली, कीं पापण्या उघडाव्या तसे दोन्ही दिवे वर येतात. त्या दिवसांत तिकडे पांच वाजण्यापूर्वींच सूर्य मावळतो. एके दिवशीं त्यानें कळ दाबली, तों उजवा दिवा वर आला आणि डावा मिटलेलाच राहिला.

या युक्तीला मोठा इतिहास आहे. 1936 सालच्या कॉर्ड 810 या अमेरिकन गाडींत गॉर्डन ब्यूरिग या रचनाकारानें असे झांकते दिवे योजिले. ते चालकाला आंतून हातानें दांडा फिरवून एकेक करून वर आणावे लागत. पुढें 1940 पासून त्या देशांत ठराविक मापाचेच दिवे सक्तीचे झाले, आणि दिवा जमिनीपासून किती उंच असावा याचेही नियम झाले. गाडीचें नाक तर वारा कापण्यासाठीं खालीं हवें! मग दिवा दिवसा निजवावा आणि रात्रीं उठवावा, ही तोड सोयीची ठरली. 1983 मध्यें ती सक्ती सैल झाली व हव्या त्या आकाराचे दिवे बनूं लागले. 2004 सालीं कॉर्व्हेट आणि लोटस एस्प्रिट या गाड्यांबरोबर झांकत्या दिव्यांचा जमाना संपला. त्यामुळें त्यांचे सुटे भाग आतां शोधावे लागतात.

मीं म्हटलें, "मोटर बिघडली असेल, दुसरी आणून बसव."

तो म्हणाला, "काका, मोटरच बिघडली हें अजून कुठें सिद्ध झालें आहे?"

मग त्यानें मला रचना समजावून दिली. शिवणयंत्राचा पायटा वरखालीं होतो आणि चाक गोल फिरतें. येथें उलट आहे. विजेची मोटर गोल फिरते आणि तिला जोडलेली दांडी दिव्याला वरखालीं करते. गंमत अशी, कीं मोटर सदैव एकाच दिशेनें फिरते. अर्ध्या फेऱ्यांत दिवा उठतो, उरलेल्या अर्ध्यांत निजतो. आणि प्रत्येक अर्ध्या फेऱ्याच्या अखेरीस तांब्याचा संपर्क तुटून प्रवाह आपोआप बंद होतो.

आतां शोध सुरू झाला. दोन्ही दिव्यांचा फ्यूज एकच होता. उजवा उठतो, त्या अर्थीं फ्यूज शाबूत. डाव्या मोटरकडे जाणाऱ्या तारांना त्यानें लहानसा दिवा लावून पाहिला. तो पेटला, म्हणजे प्रवाह येत होता. नंतर त्यानें बॅटरीची तार सोडविली, कारण झांकण अवचित उठलें तर बोटें चेंगरतात. मोटरच्या डोक्यावर हातानें फिरविण्याची एक गुंडी असते. ती फिरवितांच दिवा सुरळीत वर आला. म्हणजे सांधे अडलेले नव्हते. तेव्हां कुठें त्यानें मोटर सोडविली. त्यापूर्वीं दांडी कोठें बसते तेथें खडूनें खूण केली. झांकण उघडलें, तों आंत पाणी मुरलेलें, कार्बनचे ब्रश नखाएवढे उरलेले आणि वेटोळें जळून काळें पडलेलें.

"आतां म्हणा मोटर गेली," तो म्हणाला. आणि मग हात पुसतां पुसतां हळूच म्हणाला, "काका, शाळेंतलें घड्याळ आठवतें?"

मला आठवत होतें. हा मुलगा सातवींत माझ्याच वर्गांत होता. मधल्या सुट्टींत त्यानें वर्गांतलें लंबकाचें घड्याळ उघडलेलें मीं पाहिलें, आणि एक शब्दही न विचारतां त्याला सर्वांदेखत छड्या मारल्या.

"तें मीं बिघडविलें नव्हतें," तो म्हणाला. "तें सकाळपासून बंद होतें. लंबक ज्या पातळ पट्टीला टांगतात, ती निसटली होती. पांच मिनिटांचें काम होतें."

तें घड्याळ मीं पुढें भंगारांत देवविलें होतें.

आठ दिवसांनीं मोडींत निघालेल्या एका गाडीची डावी मोटर आली. उजवीची डावीला चालत नाहीं. खडूची खूण जुळवून त्यानें ती बसविली, वंगण घातलें, आधीं हातानें एक फेरा फिरवून पाहिला आणि मग बॅटरीची तार जोडली.

"काका, कळ तुम्ही दाबा," तो म्हणाला.

मीं कळ दाबली. दोन्ही दिवे एकदम उठले आणि समोरची भिंत उजळली. त्या उजेडांत मीं त्याची क्षमा मागितली. तो हंसला आणि म्हणाला, "विजेरी मात्र तुम्ही चांगली धरली हो!"