छातीच्या सीटी स्कॅनमध्ये अचानक दिसणारी स्तनातील गाठ

छातीचा सीटी स्कॅन बहुधा फुप्फुसांसाठी काढला जातो. न हटणारा खोकला, न्यूमोनिया, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी किंवा अपघातातला मार ही त्याची नेहमीची कारणे. स्तन छातीच्या भिंतीवरच असल्यामुळे तेही चित्रात येतात आणि कधी कधी कोणी शोधत नसलेली गाठ तिथे दिसते.

दिसते, पण नजर तिकडे वळली तर. फुप्फुसे पाहण्यासाठी निवडलेल्या छटेत स्तनातली चरबी आणि ग्रंथी दोन्ही सारख्याच पांढऱ्या दिसतात. मऊ भागांची छटा लावल्यावरच त्यांतला फरक उमटतो. शिवाय फुप्फुसे मोठी दिसावीत म्हणून चित्राची चौकट आवळली, की स्तनांच्या बाहेरच्या कडा कापल्या जातात.

सापडलेली प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. आत चरबीचा ठिपका असलेली छोटी, घेवड्याच्या दाण्यासारखी गाठ ही बहुतेक वेळा साधी लसिकाग्रंथी असते. मक्याच्या लाहीसारखे जाड चुन्याचे साठे जुन्या फायब्रोॲडेनोमात आढळतात. मोटारीच्या सीटबेल्टचा मार बसल्यावर चरबीचा काही भाग मरून तिथे गाठ राहते. भारतात क्षयरोगही विसरून चालत नाही: बरगडीतून स्तनापर्यंत आलेला पू सीटीत स्पष्ट दिसतो. दोन्ही स्तनांची त्वचा जाड झाली असेल, तर हृदय किंवा मूत्रपिंड निकामी झाल्याने आलेली सूज हे कारण असू शकते.

संशय बळावतो तो वेगळ्या खुणांनी. गाठीची कड वेडीवाकडी किंवा काटेरी असणे, शिरेतून दिलेले औषध तिने भरभर शोषणे, एकाच बाजूची त्वचा जाड होणे, बोंड आत ओढले जाणे आणि काखेतल्या गाठी फुगणे या त्या खुणा. पुरुषांत बोंडामागे वाढलेला ग्रंथीचा भाग बहुधा निरुपद्रवी असतो. यकृताचा आजार किंवा स्पायरोनोलॅक्टोनसारखे औषध त्यामागे असू शकते. बोंडापासून बाजूला सरकलेली टणक गाठ मात्र पुरुषातही तपासावी लागते.

निदान सीटीवर होत नाही. कर्करोगाची अगदी सुरुवातीची खूण असलेले चुन्याचे बारीक कण त्यात बहुधा दिसत नाहीत. त्यामुळे सीटीत स्तन निर्दोष वाटला, तरी मॅमोग्राफीची जागा तो स्कॅन घेत नाही.

गाठ दिसल्यावर प्रथम जुनी चित्रे पाहिली जातात. वर्षानुवर्षे न बदललेल्या गाठीची चिंता बरीच कमी असते. नंतर मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी होते. सोनोग्राफीतही रुग्ण उताणाच असल्याने सीटीतली जागा तिथे शोधणे सोपे जाते. मॅमोग्राफीत स्तन दाबला जात असल्याने तीच जागा सरकते. संशय राहिला, तर सुईने तुकडा काढून तपासतात. या दोन्ही तपासण्यांत गाठ सापडली नाही, तर एमआरआय उपयोगी पडतो. क्वचित गाठ फक्त सीटीतच दिसते. तेव्हा सीटीच्याच आधाराने सुई नेमक्या जागी नेता येते.