टिंब, विसर्ग आणि आपलं नाव



संगणकावर मराठी कसं लिहावं यावर मी बोलावं असं संयोजकांनी सुचवलं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, भाषेचा अभ्यासक नाही. पण गेली दहा-बारा वर्षं माझा संबंध लोकांनी भरलेल्या माहितीशी, म्हणजे नावं, पत्ते, अर्ज यांच्याशी येतो. त्यातून माझ्या लक्षात आलेली एक गोष्ट आज मांडतो. लिहिण्याचे बरेचसे नियम भाषेने नाही, यंत्राने घालून दिलेले असतात. यंत्र बदललं की काही नियम गळून पडतात आणि काही नवे येतात. कोणता सोडायचा आणि कोणता धरायचा, हे आपल्याला ओळखता आलं पाहिजे.

आधी थोडं मागे जाऊ. मराठीचा मोठा व्यवहार मोडी लिपीत चालायचा. मोडीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नसत आणि विरामचिन्हंही नसत. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह ही मंडळी एकोणिसाव्या शतकात इंग्रजीकडून आली. ती मराठीत रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. हेच कँडी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाच्या कामातही होते. हिंदीने वाक्याच्या शेवटी उभा दंड ठेवला, मराठी गद्याने टिंब म्हणजे पूर्णविराम घेतला. उर्दूचा पूर्णविराम ही छोटी आडवी रेघ असते आणि तिचा स्वल्पविराम उलटा असतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी या तिन्ही पद्धती एकाच कपाटात सापडतील. म्हणून चिन्हं बदलली की भाषा बुडाली, असं समजायचं कारण नाही.

मग टाइपरायटर आला. त्यावर प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळायची. इंग्रजीत बारीक आय आणि रुंद डब्ल्यू यांची रुंदी एकच. त्यामुळे वाक्य कुठे संपलं ते चटकन दिसत नसे. म्हणून टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवायचे की पूर्णविरामानंतर दोनदा स्पेस द्या. जुन्या काही यंत्रांवर एकचा आकडाच नसायचा, त्याऐवजी लहान एल मारत. तिरपं अक्षर नव्हतं, म्हणून खाली रेघ ओढत. हे सगळे यंत्राच्या अडचणीवरचे उपाय होते. आज संगणकाच्या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी असते, एक स्पेस पुरते. 2020 साली मायक्रोसॉफ्ट वर्डनेही दोन स्पेस ही चूक म्हणून दाखवायला सुरुवात केली. ज्यांचा हात टाइपरायटरवर बसला त्यांना हे जड जातं. त्यांची थट्टा करू नका, ते त्यांच्या यंत्राचे नियम इमानाने पाळत आले आहेत.

नंतर मोबाइल आला. एका एसएमएसमध्ये इंग्रजीची 160 अक्षरं मावायची, देवनागरीची 70. त्यात सुरुवातीच्या कित्येक फोनवर देवनागरी नीट दिसतही नसे. आपली पिढी रोमन लिपीत मराठी लिहायला लागली, त्यामागे आळसाइतकंच हे गणितही होतं. टिंबाचा अर्थही बदलला. आमचे अब्बा व्हॉट्सॲपवर ‘ठीक आहे.’ असं टिंब देऊन लिहितात आणि धाकट्या बहिणीला वाटतं, अब्बा रागावलेत! 2015 साली अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी हेच तपासलं. मोबाइलवरच्या एका शब्दाच्या उत्तरापुढे टिंब असलं तर विद्यार्थ्यांना ते उत्तर कमी मनापासूनचं वाटलं. तेच उत्तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत दाखवलं तर असा फरक पडला नाही. म्हणजे टिंब तेच, जागा बदलली की सूर बदलतो. यात कुणी बरोबर नाही की चूक नाही. गप्पांमध्ये टिंब सोडलंत तरी चालेल. अर्जात, बातमीत, लेखात सोडू नका.

इथपर्यंतचे बदल माणसाच्या डोळ्यांसाठी होते. आता वाचणारा आणखी एक जण आला आहे, संगणक. आपण आकार पाहतो, संगणक त्यामागचा क्रमांक पाहतो. युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र क्रमांक आहे. ‘स्वतः’ आणि ‘दुःख’ या शब्दांत विसर्ग असतो. अनेक जण तिथे इंग्रजीचा कोलन मारतात, कारण दिसायला तो सारखाच. पण संगणकाला तिथे शब्द तुटल्यासारखा वाटतो आणि शोधताना तो सापडत नाही. उभ्या दंडाऐवजी इंग्रजी कीबोर्डवरची उभी रेघ मारली, तरी तीच गत. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. कोकणातल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. हा फरक भाषेचा आहे, म्हणून तो टायपिंगमध्येही टिकवला पाहिजे. त्यासाठी युनिकोडमध्ये वेगळा ऱ आहे. ‘ॲप’ आणि ‘ॲडमिशन’ मधला अर्धचंद्रवाला ॲ तर 2008 साली युनिकोडमध्ये आला. तोपर्यंत लोक तो जोडतोड करून लिहीत होते.

आता आपल्या नावांकडे येऊ, कारण खरा फटका तिथे बसतो. मागे एका संस्थेने मला शिष्यवृत्तीच्या दोन याद्या दिल्या. एक अर्जदारांची, दुसरी कागदपत्रं जमा झालेल्यांची. संगणकाने दोन्ही ताडून पाहिल्या आणि काही मुलींची कागदपत्रं ‘मिळालेली नाहीत’ असं दाखवलं. कागद तर समोर फाइलमध्ये होते! एका यादीत ‘फातिमा’ होतं, दुसरीत फ खाली नुक्ता होता. नुक्त्याचा ज किंवा फ संगणकात दोन प्रकारे साठवता येतो: एकसंध चिन्ह म्हणून, किंवा अक्षर आणि त्यावर वेगळा नुक्ता म्हणून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. म्हणजे एकाच मुलीचं नाव तीन प्रकारे लिहिलं गेलं होतं. हाताने एकेक नाव तपासलं म्हणून त्यांचे अर्ज वाचले. जिथे तपासणारं माणूस नसेल तिथे काय होत असेल, याचा विचार करा.

दुसरं उदाहरण ‘मो.’ चं. मोहम्मद हे नाव आपल्याकडे इतकं सर्रास की आपण ते टिंब देऊन आखूड करतो. कुणी ‘मो.’, कुणी ‘मोहं.’, इंग्रजीत एम-डी किंवा एम-ओ-एच-डी. कागदावर ते टिंब सांगायचं की शब्द पुढे अजून आहे. बऱ्याच ऑनलाइन अर्जांत नावाच्या रकान्यात टिंब चालतच नाही, अक्षरंच हवी असतात. टिंब गेलं की ‘मो’ हेच पूर्ण नाव होऊन बसतं. मुलगा परदेशी शिकायला गेला की तिथले लोक त्याला ‘एमडी’ अशीच हाक मारतात, कारण पासपोर्टवर तेच पहिलं नाव असतं. दहावीच्या दाखल्यावर एक, बँकेत दुसरं आणि ओळखपत्रावर तिसरं, मग प्रतिज्ञापत्रासाठी हेलपाटे सुरू. एका टिंबाची किंमत एका दिवसाची मजुरी, कधी त्याहून जास्त.

तिसरी गोष्ट आपल्या लिखाणाची. युनिकोडची पहिली आवृत्ती 1991 ची, पण मराठी छपाई त्यानंतरही कित्येक वर्षं जुन्या फॉन्टवर चालली. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागेवर देवनागरीचा आकार बसवलेला असे. छापून छान दिसतं, पण तोच मजकूर कॉपी केला तर इंग्रजी अक्षरांचा चिवडा हाती येतो. उर्दूतही तेच घडलं. आधी कातिब हाताने मजकूर लिहीत. 1981 मध्ये नूरी नस्तालीक आलं आणि संगणकावर नस्तालीक जुळवता येऊ लागलं. नव्वदच्या दशकात इनपेज आलं. त्याच्या जुन्या फाइलीही युनिकोडमध्ये नाहीत, त्या बदलून घ्याव्या लागतात. म्हणजे आपल्या आधीच्या पिढीने तलाक, शिक्षण, उर्दू-मराठी माध्यम अशा विषयांवर जे लिहिलं, त्यातलं बरंचसं कुणाच्या तरी जुन्या हार्ड डिस्कवर आहे आणि शोधणाऱ्याला दिसत नाही. उद्या एखादी मुलगी हे विषय मराठीत शोधेल, तेव्हा तिला वाटेल की आपल्यात कुणी काही लिहिलंच नाही.

मग करायचं काय? घरी गेल्यावर पाच कामं करा. एक, आपलं आणि भावंडांचं नाव सगळ्या कागदपत्रांवर कसं आहे ते एका कागदावर मांडा. एकच रूप ठरवा आणि यापुढे तेच भरा. दोन, नव्या बाळाचं नाव नोंदवताना टिंब देऊन आखूड करू नका, पूर्ण लिहा. तीन, मराठीत नुक्ता सहसा देत नाहीत. तुम्हाला द्यायचा असेल तर जरूर द्या, पण सगळीकडे द्या. चार, युनिकोडमध्येच टाइप करा. इनस्क्रिप्ट कीबोर्ड 1986 पासून प्रमाण आहे. तो शिकायला थोडे दिवस जातात, पण विसर्ग, दंड, ऱ सगळं जागच्या जागी मिळतं. फोनवर बोलून टाइप करत असाल तर पाठवण्याआधी एकदा वाचा. स्वल्पविरामाच्या आधी स्पेस देऊ नका, नाहीतर तो बिचारा एकटाच पुढच्या ओळीत जाऊन बसतो. पाच, ओळखीतल्या जुन्या लेखकांकडे, छापखान्यांकडे पडलेल्या फाइली मागा आणि त्या युनिकोडमध्ये आणा. फॉन्ट बदलून देणारी साधनं मिळतात. त्यातून निघालेला मजकूर मात्र माणसाने ओळ न् ओळ तपासावा लागतो. ते काम तुम्ही करू शकता, दर रविवारी दोन तास काढले तरी होईल.

दोन स्पेस गेल्याचं दुःख करू नका. गप्पांमधलं टिंब गेलं, जाऊ द्या. पण विसर्गाच्या जागी विसर्ग, दऱ्यांमध्ये ऱ आणि नावात पूर्ण नाव, एवढं सोडू नका. जुन्या फाइली कुणाकडे आहेत ते आत्ताच आठवत असेल, तर चहाच्या वेळी मला भेटा, यादी करायला वही आणली आहे.