फुटबॉलची गर्दी आणि फुटबॉलची बांधणी

खेळ लोकप्रिय होणें निराळें आणि खेळ रुजणें निराळें. मैदानाभोंवतीं माणसें जमलीं म्हणजे खेळ रुजला, असा सर्वसाधारण समज आहे. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद, १९५६ पर्यंत ज्या हैदराबाद राज्यांत होतें, तेथील फुटबॉलची हकीकत मात्र वेगळेंच सांगते.

फुटबॉल हिंदुस्थानांत आला तो गोऱ्या पलटणींबरोबर. मुंबईची रोव्हर्स स्पर्धा १८९१ मध्यें सुरू झाली, तीहि प्रथम पलटणींचीच होती. १९११ मध्यें कलकत्त्यास मोहन बागानच्या संघानें ईस्ट यॉर्कशायर पलटणीस २-१ असें हरविलें. त्या संघांतील एक गडी सोडल्यास सारे अनवाणी खेळले होते. हा विजय पाहण्यास लोटलेला जनसमुदाय अपूर्व होता. परंतु सबंध देशाचा फुटबॉल महासंघ निघण्यास १९३७ साल उजाडावें लागलें. उत्साह आधीं आला, व्यवस्था मागाहून आली.

हैदराबादेंत ही व्यवस्था एका शाळामास्तरानें लावली. सय्यद अब्दुल रहीम हे तेथील फुटबॉल संघटनेचे चिटणीस. मुलांकरितां त्यांनीं नव्या तऱ्हेच्या स्पर्धा काढल्या. एकींत चेंडू पायाशीं घोळवीत नेण्यास बंदी असे, तर दुसरींत दुबळ्या पायानेंच चेंडू मारावा लागे. त्यामुळें चेंडू सोबत्याकडे तत्काळ देण्याची संवय लागली आणि दोन्ही पाय तयार झाले. त्यांच्या हाताखालीं हैदराबाद शहर पोलिसांच्या संघानें १९५० ते १९५४ अशीं पांच वर्षें ओळीनें रोव्हर्स चषक जिंकला. त्यांनींच शिकविलेल्या भारतीय संघानें १९५१ व १९६२ मध्यें आशियाई सुवर्णपदक मिळविलें आणि १९५६ च्या मेलबोर्न ऑलिंपिकमध्यें चौथें स्थान पटकाविलें. १९६३ मध्यें रहीम निवर्तले. त्यानंतर आशियाई सुवर्णपदक भारताच्या हातीं आलें नाहीं, आणि हैदराबादचें तें वैभवहि ओसरत गेलें. विद्या एकाच गुरूपाशीं राहिली, कीं तिचें असें होतें.

कोल्हापूरची तऱ्हा उलट आहे. तेथें पेठापेठांतील तालमींनींच फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींचे सामने शाहू स्टेडियमवर लागले, कीं सारें शहर दोन पक्षांत विभागलें जातें. येथें खेळ कोणा एकाचा नाहीं, म्हणून एकाच्या जाण्यानें तो थांबत नाहीं. २०१७ मध्यें सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतांत भरली, तेव्हां भारतीय संघांत कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता.

मराठवाड्याच्या या राजधानीस दोन्ही धडे घेतां येण्यासारखे आहेत. शाळा आहेत, महाविद्यालयें आहेत, क्रीडा प्राधिकरणाचें केंद्रहि आहे. युरोपांतील सामने रात्रीं जागून पाहणारीं मुलें तर घरोघरीं आहेत. त्या मुलांस सकाळीं मैदानावर नेऊन डाव्या पायानें चेंडू मारावयास लावणारा शिक्षक शाळेशाळेंत हवा, आणि तो शिक्षक बदलून गेल्यावरहि संघ चालविणारी तालीम मोहल्ल्यामोहल्ल्यांत हवी. यांपैकीं एकच असून भागत नाहीं, हें हैदराबादनें पुरेसें दाखविलें आहे.