तीन भिंतींचं घर

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या गणेशोत्सवात सभासदांसमोर केलेले भाषण)



पंचवीस वर्षं मी इथे राहतोय, पण मी नक्की काय करतो हे आपल्या वॉचमनलाही नीट ठाऊक नाही. पहाटे तीनला घरी येतो, कपड्यांवर रंग असतो. सुरुवातीला दोघांनी मला फ्लॅट रंगवायचा भाव विचारला होता. घ्यायला हवं होतं ते काम. पैसे तरी वेळेवर मिळाले असते!

मी कलादिग्दर्शक. मालिकेत तुम्ही जे घर बघता ते उभं करणारा. त्या घराला बहुतेक वेळा तीनच भिंती असतात, चौथीच्या जागी कॅमेरा. वर छत नाही, तिथे लाइट. भिंती प्लायवूडच्या, मागून लाकडी टेकू. पण खरी मेहनत पुढेच असते. नवं घर वापरातलं दिसायला हवं. स्विचबोर्डभोवती बोटांचे डाग, खुर्चीमागे भिंतीवर डोक्याच्या तेलाचा डाग, देवघरावर काजळी. जुनं पत्र हवं असेल तर कागद चहाच्या पाण्यात बुडवून वाळवायचा. हे सगळं जमलं की कोणाच्याच लक्षात येत नाही. चुकलं की लगेच कळतं. एकदा ए विंगमधल्या आजोबांनी मला लिफ्टमध्येच पकडलं, "अहो, गोष्ट १९६५ सालची आणि स्वयंपाकघरातल्या डब्यावर बारकोड?" बरोबर होतं त्यांचं.

हे काम आपल्याकडे जुनं आहे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर मुळात नाटकांचे पडदे रंगवणारे. त्यांच्याच तालमीत तयार झालेले फत्तेलाल. १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’चे ते दामल्यांबरोबर दिग्दर्शक होते आणि कलादिग्दर्शकही. तो चित्रपट बघताना तुकोबांच्या घराच्या भिंती कोणी उभारल्या, हे कोण विचारतं? विचारू नये हेच खरं.

सेक्रेटरी म्हणाले, अडचणींबद्दल बोला. एकच सांगतो.

बारा वर्षांपूर्वी एका मालिकेसाठी वाड्याचा सेट करायचा होता. दहा दिवसांचं काम पाच दिवसांत मागितलं. मी ‘होईल’ म्हणालो. आमच्या धंद्यात ‘नाही’ म्हणणाऱ्याला पुन्हा फोन येत नाही. पाचव्या रात्री माझा जुना सुतार परांचीवरून पडला. दोन रात्री त्याला झोप नव्हती. मांडीचं हाड मोडलं. सकाळी सातला शूटिंग ठरल्याप्रमाणे सुरू झालं, सेटचं कौतुकही झालं म्हणे. मी तेव्हा हॉस्पिटलच्या पायरीवर बसलो होतो. निर्मात्याने हात वर केले. माझं स्वतःचं बिल तीन महिन्यांनी मिळायचं होतं, ते मिळालं पाच महिन्यांनी. डिपॉझिट भरायला खिशात काही नव्हतं.

मला न विचारता बायकोने खालच्या मजल्यावरच्या वहिनींना सांगितलं. संध्याकाळपर्यंत आपल्याच चार घरांतून साठ हजार रुपये जमले. ना कागद, ना सही. फेडायला मला आठ महिने लागले आणि त्या आठ महिन्यांत जिन्यात भेटल्यावर एकानेही विषय काढला नाही. ती चारही कुटुंबं आज समोर बसली आहेत. नावं घेतलेली त्यांना आवडणार नाहीत.

दोष निर्मात्याचा, असं मी बरीच वर्षं सांगत फिरलो. पण ‘होईल’ हा शब्द माझ्या तोंडचा होता. आता मी दिवस मोजून, लिहून मागतो. त्यापायी दोन मालिका हातच्या गेल्या. घरी कोणी कुरकुर केली नाही.

तो सुतार पुन्हा उभा राहिला. परांचीवर मात्र चढत नाही. खाली बसून देवघरं, पाळणे करतो. यंदाचं आपल्या गणपतीचं मखर त्याच्याच हातचं आहे. मागून बघाल तर तिथेही टेकूच दिसतील. मुलांनो, त्यांना हात लावू नका, विसर्जनापर्यंत टिकायला हवेत.